बंदूक ठेवण्याची जागा

ही हकीकत मी इतकी वर्षं टाळली. नातवंडांनी नोकरीच्या गोष्टी विचारल्या की बदल्यांच्या सांगायचो, साहेबांच्या फजितीच्या सांगायचो. शस्त्र परवान्यांच्या टेबलावर होतो, हे मात्र गाळायचो. आता वय झालं. सरकारी कागदावर माझ्या हस्ताक्षरात एक खोटं पडून आहे आणि ते खोटं आहे हे कबूल करू शकेल असा मी एकटाच आहे.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. कलेक्टर आले होते, पाटी आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. फॉर्म जुन्या जिल्ह्याचे. त्यावरचं उस्मानाबाद पट्टी धरून खोडायचं आणि वर लातूर लिहायचं, हे माझं सकाळचं काम. त्यात दुष्काळ. शेतात काडी उभी नव्हती, तरी पीक संरक्षणासाठी घेतलेल्या बंदुकांच्या नूतनीकरणाला रांग लागायची. रानडुकरंसुद्धा पोटापाण्यासाठी आंध्राच्या बाजूला निघून गेली होती. "मग बंदूक कशाला?" असं विचारलं तर लोक म्हणत, "आन् उद्या पाऊस पडला तर, साहेब?"

अशात वरून परिपत्रक आलं. परवानाधारकाच्या घरी जाऊन, घरच्या सगळ्यांना बसवून, बंदूक कुठे ठेवायची ते ठरवून घ्यायचं. बंदूक रिकामी हवी, कुलपात हवी, दारू आणि छर्रे वेगळ्या जागी हवेत, किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे हवी. हे समजावायला मला नेमलं. मी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, त्यामुळे मी निःपक्षपाती ठरलो.

लोकांनी बंदुकीला जागा तरी काय काय दिल्या होत्या! एका घरी ती देवघरात, देवाच्या पाठीमागे. एका घरी वाकळांच्या ढिगाखाली. मला दाखवायला सगळा ढीग उपसला तर आधी उंदराची पिल्लं निघाली. एकानं ज्वारीच्या कणगीत उभी केलेली. म्हणाला, "कणगी मोकळीच हाय बगा. तेवढंच भरल्यावानी वाटतंय." मी गंभीर चेहऱ्यानं लिहून घ्यायचो.

अहमदपूरच्या बाजूला एका गावात मोठं शेतकरी घर होतं. घरचे म्हातारे, ज्यांना सगळं गाव मालक म्हणायचं, त्यांच्या नावावर ठासणीची, म्हणजे नळीतून दारू ठासून भरायची बंदूक. ती बैठकीत, दारातून शिरताच दिसेल अशी खुंटीवर. मालकांनी मला हाताला धरून वर घेतलं, तक्क्याशी बसवलं आणि घरातल्या पितळी तांब्यातून पाणी दिलं. टँकरची वाट बघणाऱ्या गावात भरलेला तांब्या. इथं सांगायला हवं की आम्ही बौद्ध. घरातला मी पहिला नोकरदार. माझे वडील अशा बैठकीच्या पायरीखाली उभे राहून बोलत. मी ते पाणी प्यालो आणि माझं परिपत्रक तिथंच ओलं झालं.

तरी मी वाचून दाखवलं. मालक म्हणाले, "बंदूक काय डोरलं हाय का पेटीत घालायला? लोकांला दिसली पायजे."

थोरल्या मुलानं हसून भर घातली, "पेटीत घातली तर चोराला कसं कळंल आमच्याकडं बंदूक हाय म्हणून?"

तेवढ्यात आतल्या दारातून त्या थोरल्याची बायको बोलली. पदर डोक्यावर, आवाज मात्र स्वच्छ. "साहेब, ती भरलेलीच टांगत्यात. झाडलोट मी करते, खालून लेकरं फिरत्यात. लोखंडी पेटी हाय, कुलूप हाय. तुमी सांगा यांना. किल्ली माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

"कामून भेतीस?" मालक म्हणाले. "घोड्याखालची ठिणगीची टोपी काढली की बंदूक मेली. बार काढायचा म्हणजे उडवावाच लागतो. दारू कामून वाया घालवायची?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. परिपत्रकातलं प्रत्येक कलम त्या बाईनं न वाचता बोलून दाखवलं होतं. मला फक्त मान डोलवायची होती. मी तक्क्याला टेकून म्हणालो, "ताई, खुंटी चांगली उंच आहे. आणि बंदुकीची किल्ली बाईमाणसाकडे शोभत नाही."

बैठक हसली. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती आत गेली. खुंटीवरची बंदूक खाली न घेता मी लिहिलं : 'शस्त्र रिकामे. जागा सुरक्षित. कुटुंबाशी चर्चा करून निर्णय.'

खंडेनवमीला बंदूक पूजेला खाली उतरवली. विळा, कुऱ्हाड, पाभर यांच्याबरोबर तीही पुसायची, हळदीकुंकू लावायचं. पुसायचं काम घरच्या थोरल्या सुनेचं. टोपी काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. मालकांना वाटलं मुलानं काढली, मुलाला वाटलं मालकांनी. फडकं घोड्यात अडकलं आणि बार उडाला. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. जीव वाचला.

चौकशी आली. बंदूक भरलेली कशी, असं मला लेखी विचारलं. नोकरी जाईल या भीतीनं मी जबाब दिला : 'घरातील सर्वांस सूचना समजावल्या होत्या. सदर महिलेने त्या पाळल्या नाहीत.' घरच्यांनाही तो सोयीचा वाटला. बाईमाणसानं बंदुकीला हात लावावाच कशाला, असं तेच म्हणू लागले, ज्यांनी फडकं तिच्या हातात दिलं होतं. परवान्याचं नूतनीकरण झालं. त्यावरचं उस्मानाबाद मीच खोडलं.

निवृत्तीनंतर मी नांदेडला स्थायिक झालो. एकदा मुखेडवरून एस.टी.नं त्या गावी गेलो. मालक गेले होते, थोरलाही. ती ओसरीवर शेंगा फोडत होती, उजव्या हातानं. मला लगेच ओळखलं.

"बसा, साहेब. बंदूक न्हाई आता. मी ठाण्यात जमा केली."

"बरं केलंत," मी म्हणालो.

"तुमचा जबाब मला दिरानं वाचून दावला व्हता." ती शेंगा फोडत राहिली. "पाळल्या न्हाईत म्हणून लिवलं व्हतं. लई दिवस माज्या लेकरांलाबी तसंच वाटायचं."

मी तेवढ्यासाठीच गेलो होतो. वाक्य गाडीत घोकून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते, "यंदा पाऊस कसा आहे तुमच्याकडे?"

"बरा हाय. च्या ठेवते."

"नको, गाडीची वेळ झाली," म्हणत मी उठलो. गाडीला दीड तास होता. तो मी फाट्यावर उभा राहून काढला.

बोलायचं होतं ते इतकंच : ताई, कुलूप तुम्ही मागितलं होतं. नको मी म्हणालो, आणि दोष तुमच्या नावावर लिहिला. तुमच्या मुलांना बोलवा, मी त्यांच्यासमोर सांगतो. मला माफ करा.