साध्या पाण्यातले मासे

सहा बरण्यांपैकी पाच बरण्यांतले मासे मरणारच होते. त्यासाठीच ते आणले होते. शिरूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला माझा प्रकल्प होता, कांद्यावर मारतात ते औषध मासा किती सोसतो. पाच बरण्यांत औषध चढत्या मापानं, सहावीत नुसतं साधं पाणी. सहावीतले मासे जगले पाहिजेत, नाहीतर बाकीच्या पाचांना अर्थ नाही. कॉलेजच्या नळाला क्लोरीन, म्हणून पाणी मी निमोण्याहून, आमच्या वस्तीवरच्या विहिरीचं, कॅनमध्ये भरून एस.टी.नं आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सहावीतली चिलापी काचेवर आपटायला लागली. मग वर येऊन तोंड वासायला लागली. संध्याकाळपर्यंत सगळी आडवी. चिलापी म्हणजे गटारातसुद्धा जगणारा मासा. सर म्हणाले, "प्रयोग बिघडला, पाणी बदल." मार्कांपुरतं ते सोपं होतं. पण तेच पाणी घरी वहिनी पीत होती, आणि तिला सातवा महिना होता.

बरण्यांत न सोडलेले, उरलेले आठ मासे पाण्याच्या पिशवीत घेऊन मी एस.टी.त बसले. बसले कसली, निम्मा रस्ता उभीच होते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, औषधाच्या बाबतीत वस्तीवर सगळ्यांत नेटके. फवारणी झाली की पंप तीन-तीनदा धुवायचे, लेकराबाळांचा हात लागेल म्हणून. धुवायचे विहिरीच्या काठाला, मोटारीच्या पाइपाखाली, आणि ते पाणी भेगांमधून परत विहिरीतच उतरायचं. हे मी लहानपणापासून बघत आले होते. एवढं शिकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता, उलट त्यांच्या टापटिपीचा मला अभिमानच होता.

घरी पोचल्या पोचल्या मी सगळं सांगून टाकलं. आप्पा हसले. "मासं मेलं म्हणून माणूस मरतंय व्हय? जन्म गेला आमचा ह्या पाण्यावर."

मासा मरतो तेवढ्या विषानं माणूस मरत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण पोटातल्या लेकराचं काय होतं, ते माझ्या पुस्तकात नव्हतं. तेच मला स्वस्थ बसू देईना. आई म्हणाली, "हापसा शाळंपाशी हाय. रोज कोण वाहील तिथनं, तू?" वाहीन की, मी म्हणाले. ते खोटं होतं, आणि आम्हा दोघींना ते माहीत होतं.

शेवटी आप्पाच म्हणाले, "दोन बादल्या भर. एकीत हापशाचं, एकीत आपलं. उगं भांडू नगंस." मला रागच आला, कारण हे मला सुचायला हवं होतं.

चार-चार मासे सोडून बादल्या पडवीत ठेवल्या. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. आप्पा येता-जाता वाकून बघायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. मी सारखी उठत होते. "पायाला भिंगरी लागलीया का तुझ्या?" आईनं विचारलं. खरं सांगायचं तर मासे मरावेत असं मला वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा पडवीत पाणी उडाल्याचा आवाज झाला. आप्पा उष्ट्या हातानं उठले. हापशाच्या पाण्यातले चारही मासे नीट फिरत होते. आमच्या विहिरीच्या पाण्यातले दोन आडवे झाले होते, तिसरा एकाच जागी गोल गोल फिरत होता. आप्पा उकिडवे बसले आणि चौथा आडवा होईपर्यंत हलले नाहीत. "सांगत नव्हते का" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. जिंकल्याचं सुख मला तिळभरही झालं नाही.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तांब्यानं पाणी पीत होती. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, काही सांगायचं ते आईमार्फत, अशी आमच्याकडची रीत. लग्न होऊन ती घरात आल्यापासून आप्पांनी ती एकदाही मोडली नव्हती. ते उठले आणि सरळ तिच्याकडे बघत म्हणाले, "पोरी, ते पाणी पिऊ नगंस."

वहिनी गडबडली. तिनं आधी पदर सावरला, मग आईकडे बघितलं, आणि मग तांब्या खाली ठेवला. तो रिकामा झाला होता.