चांदबीचा आवाज

आमच्या रुग्णालयाचं नाव मी सांगणार नाही. अक्कलकुवा तालुक्यात, डोंगर सुरू व्हायच्या जरा अलीकडे आहे, एवढं पुरे. मी तिथं औषधं देतो. म्हणजे दिवसभर एका खिडकीत बसतो, आणि त्या खिडकीतून सगळा वऱ्हांडा दिसतो. तेव्हा चांदबीची गोष्ट मी सांगायला कुणाची हरकत नसावी. असलीच तर चांदबीच्या तोंडाशी गाठ आहे.

चांदबी मणियार, राहणार खापर. नवरा फकीर मोलगीच्या बाजारात बांगड्या विकायचा. माणूस इतका मऊ, की गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर ते त्यालाच आधी पटायचं. मग बोलायचं काम चांदबीने आपल्याकडे घेतलं. जीपवाल्यांच्या हाका, कोंबड्यांचा कलकलाट, भोंगे, या सगळ्याच्या वर बांगड्यांचे रंग ऐकू गेले पाहिजेत, असा तिचा हट्ट. तिचा आवाज त्या बाजारात तयार झाला. फकीर वारल्यावर मुलगा आकिब काही बांगड्यांत रमला नाही, तो खापर-मोलगी जीप चालवायला लागला. चांदबी आमच्याकडे कंत्राटावर आया म्हणून लागली आणि वॉर्डात शांतता राखण्याची जबाबदारी तिच्याकडे आली. सरकारी कामाची वाटणी अशीच होते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सराव आला. बाळंतपणात बाईची तब्येत अचानक बिघडली तर इंजेक्शन कुणी भरायचं, पोट कुणी दाबायचं, फोन कुणी लावायचा, याची तालीम. चांगली गोष्ट आहे, तिची थट्टा मी करत नाही. आमच्याकडे बाई डोंगरातून आधी झोळीत आणि मग जीपमध्ये येते. निम्मा वेळ वाटेतच गेलेला असतो. उरलेल्या वेळात धांदल परवडत नाही. थट्टा करायची ती पुढच्या थाटाची.

सरावासाठी कमरेपासून मांड्यांपर्यंतची रबराची बाई आली. प्रसूतीगृह सांभाळणाऱ्या मोहिनी सिस्टरने तिचं नाव तापीबाई ठेवलं. तापीबाईला वऱ्हांड्याच्या टोकाला स्वतंत्र खोली मिळाली, खोलीला नवा पंखा मिळाला, उन्हाने रबर खराब होतं म्हणून खिडकीला पडदा मिळाला. खऱ्या प्रसूतीगृहातला पंखा अजून काठीने ढकलावा लागतो. तापीबाईच्या पोटात लाल पाण्याची पिशवी होती, चावी सोडली की रक्तस्राव सुरू. सगळे मिळून तिला वाचवायचे, मग फरशी पुसायची आणि चहा प्यायचा. तापीबाईने कधी कुणाबद्दल तक्रार केली नाही.

शिकवायला शहरातून डॉक्टर भूपेश यायचे. तरुण, हसतमुख, गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ. ते म्हणाले, नातेवाईक नसतील तर हा कसला सराव? बरोबरच होतं. आमच्याकडे बाई एकटी येत नाही, जीपभर येते. मग बाईचा घाबरलेला नातेवाईक व्हायचं काम आधी माझ्याकडे आलं. माझं ओरडणं ऐकून आशा सिस्टरने विचारलं, "घसा बसलाय का, सर? गोळी आहे ना तुमच्याकडे?"

चांदबी तिथंच फरशी पुसत होती. तिने फडकं बादलीत टाकलं. "साहेब, आसं कोनी वरडस का? सरका."

आणि ती ओरडली. "कोठे मरी ग्यात समदा! मन्ही सून जाई ऱ्हायनी, रगत थांबी नई ऱ्हायनं!"

रस्त्यावरची जीप थांबली. लस टोचून घ्यायला आलेली यच्चयावत बाळं एकदम रडायला लागली. भूपेश सरांना नातेवाईक सापडला. त्यांनी तिचं ते वाक्य जसंच्या तसं सरावात घातलं, आणि त्या दिवसापासून चांदबीचं नशीब उघडलं. सराव घ्यायला सर जातील तिथं तिला घेऊन जाऊ लागले. धडगावच्या घाटात तिला प्रत्येक वळणावर मळमळायचं, पण खाली उतरून एक ओली सुपारी तोंडात टाकली की पुन्हा आवाज तयार. तिकडच्या सिस्टर म्हणे तिला बघूनच हातमोजे घालायला लागत. ती कधी आई व्हायची, कधी नणंद व्हायची, पण मनापासून रंगायची ती सासूच्या कामात. खरी सून तेव्हा घरात यायची होती.

ओरडणाऱ्या नातेवाइकाला शांत कसं करायचं, हाही धडा होताच. ते काम आशा सिस्टरचं. खांद्यावर हात ठेवायचा, डोळ्यांत बघायचं, बाकावर बसवायचं, पाण्याचा पेला हातात द्यायचा आणि म्हणायचं, "मावशी, तुमचं माणूस ते आमचं माणूस. आम्ही आहोत ना." या वाक्यावर चांदबीने गप्प व्हायचं, असं ठरलं होतं. एवढ्या वेळा झालं ते, की पुढे पुढे आशाचा हात खांद्याला लागला की चांदबीचे गुडघे आपोआप वाकायचे. आशाला त्यात पैकीच्या पैकी गुण पडायचे. आमच्या रुग्णालयात कुठलाही नातेवाईक हाताबाहेर जात नाही, असं सर इतर ठिकाणी कौतुकाने सांगत.

पुढे सराव न सांगता व्हायला लागले. संकट काय कळवून येतं का, असं सरांचं म्हणणं. ते गुपचूप येऊन अधीक्षकांच्या खोलीत बसायचे आणि तिथून चांदबीला खूण करायचे. ती वऱ्हांड्यात ओरडली की सगळ्यांनी हातातलं काम टाकून तापीबाईच्या खोलीकडे पळायचं. आता, गुपचूप म्हणजे काय, तर सरांची पांढरी गाडी फाटकातून आत आली की शिपायापासून अधीक्षकांपर्यंत सगळ्यांना खबर. माणसं दबा धरून बसायची. पळण्याचा वेळ दर खेपेला कमी होत गेला आणि प्रत्येक खेपेला टाळ्या. चांदबीने कुणाला साधं "चहा आना रे" म्हटलं तरी दोघं दचकून उभे राहायचे.

मध्यंतरी आकिबचं लग्न झालं. सून शहाद्याची, मंतशा. अगदी हळू बोलणारी मुलगी. घरातलं बोलण्याचं सगळं खातं चांदबीकडे असल्यामुळे दोघींचं छान जमलं. सुनेला दिवस गेल्यापासून चांदबीचा आवाज घरी निम्म्यावर आला, असं आकिब सांगायचा. पोटातल्या बाळाला दचकायला नको म्हणून. बाकीचा निम्मा ती आमच्याकडे आणून खर्च करायची.

मंतशा बाळंत झाली ती मोलगीच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी, आमच्याचकडे. मुलगी झाली. सगळं सुखरूप. आकिबने पेढे वाटले, मला दोन जास्त दिले, आणि बाजाराची माणसं खोळंबली म्हणून जीप घेऊन गेला. चांदबी त्या दिवशी सुट्टीवर होती. नव्या साडीत, नातीला मांडीवर घेऊन, सुनेच्या खाटेशी बसली होती. इतकी हळू बोलत होती की मी खिडकीतून वॉर्डाच्या उघड्या दाराकडे दोनदा वाकून बघितलं, हीच का ती म्हणून.

दुपारी सरांची गाडी आत आली. मोहिनी सिस्टरने केसांना रबर लावलं. आशा डोंगरातून आलेल्या एका बाईला तपासत होती, ती बाहेर येऊन वऱ्हांड्याकडे नजर लावून उभी राहिली. सरांना बाळाची बातमी कळली तेव्हा ते म्हणाले, आज चांदबीला त्रास नको, नुसता चहा घेऊन जाऊ. माणूस मनाने चांगला आहे. पण हे ते अधीक्षकांच्या खोलीत म्हणाले, आणि त्या खोलीचं दार बंद होतं.

तेवढ्यात चांदबी वॉर्डातून बाहेर आली आणि ओरडली.

"कोठे मरी ग्यात समदा! मन्ही सून जाई ऱ्हायनी, रगत थांबी नई ऱ्हायनं!"

काय दुसरं म्हणणार ती? झालंही अगदी तेच होतं.

आणि सगळे पळाले. मोहिनी सिस्टर पळाली, वॉर्डबॉय पळाला, डोंगरातल्या बाईला "आलेच हं" सांगून ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाई पळाल्या. मीही खिडकीतून औषधांचा डबा सवयीने पुढे सरकवला आणि तो उचलून कुणीतरी पळालं. इतक्या वेगाने आमची माणसं त्याआधी कधी पळाली नव्हती. पळाली ती तापीबाईकडे. अधीक्षकांच्या खोलीचं दार उघडलं आणि सर बाहेर आले, हातात घड्याळ चालू, चेहरा फुललेला. त्यांना वाटलं, आज सुट्टीच्या दिवशीसुद्धा हिने आपण होऊन सराव सुरू केला. त्यांना घड्याळासकट बघून ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली. मलासुद्धा वाटलं, काय ही बाई, सुनेच्या बाळंतपणाच्या दिवशीही सुटका नाही.

चांदबी त्यांच्या मागे हात करत राहिली. "तठे नई! आठे! आठे!" हे सरावात नव्हतं, पण तिने नवीन काहीतरी घातलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. ती नेहमीच काही ना काही घालायची.

मग आशा पुढे आली. खांद्यावर हात. डोळ्यांत डोळे. "मावशी, तुमचं माणूस ते आमचं माणूस. आम्ही आहोत ना."

आणि चांदबी बसली.

ते बघताना मला काही वाटलं नाही. आज वाटतं. पलीकडच्या वॉर्डात तिच्या सुनेचं रक्त वाहून चाललं होतं आणि चांदबी बाकावर बसून हातात पाण्याचा पेला धरून होती, कारण तिच्या अंगाला तेच शिकवलं होतं. तिने एक घोट घेतलासुद्धा. मग तिने पेल्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला, जसं काही कुणी तिला ढकलून दिलंय.

ती उठली. ओरडली नाही. पुन्हा ओरडली असती तर पुन्हा पाणीच मिळालं असतं. तिने आशाचं मनगट धरलं आणि तिचा तळवा आपल्या साडीच्या ओच्यावर दाबला. सुनेला सावरताना तो रक्ताने भिजला होता, अजून कोमट होता. तापीबाईचं पाणी नळाचं, गार असतं. आशाने हात मागे ओढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि मग आशा ओरडली. काय ओरडली ते तिलाही आठवत नाही. शब्द कुठल्याच धड्यातले नव्हते, म्हणून सगळे वळून बघायला लागले.

पुढचं मात्र प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. जे शिकवलं होतं ते सगळं त्यांनी बिनचूक केलं. मोहिनी सिस्टरने पोट चोळायला घेतलं ते गर्भाशय आवळेपर्यंत हात काढला नाही. इंजेक्शन, सलाइन, पांघरूण, फोन, एकही गोष्ट राहिली नाही आणि कुणी कुणाच्या पायात आलं नाही. भूपेश सर बाह्या सरसावून स्वतः उभे राहिले, घड्याळ त्यांच्या गळ्यात तसंच चालू. रुग्णवाहिका नंदुरबारला निघाली तेव्हा मंतशाच्या ओठांना रंग नव्हता, पण ती शुद्धीत होती. तिकडे तिला रक्त चढवलं, त्यासाठी आकिबच्या ओळखीचे जीपवाले गाड्या स्टँडवर सोडून रक्त द्यायला गेले. ती वाचली. ज्या सरावाने तिला मरायला टाकलं त्याच सरावाने तिला वाचवलं. आता त्या सरावाला शिव्या द्यायच्या की पाया पडायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर चर्चा झाली. सरावानंतर होते तशीच, गोल बसून. आधी काय चांगलं झालं ते सांगायचं असतं.  वॉर्डबॉय म्हणाला, "नातेवाइकाला छान हाताळलं." आशा उठून बाहेर गेली.  मग भूपेश सरांनी नियम काढला, की यापुढे सरावाच्या आधी "हा सराव आहे" असं मोठ्याने सांगायचं. इतका साधा नियम, कुणालाही सुचला असता. तो आधी सुचायला हवा होता, एवढीच काय ती माझी तक्रार.

मंतशा घरी आल्यावर सर मुद्दाम खापरला गेले. मीही सोबत होतो. त्यांनी बाळासाठी झबलं आणलं होतं. माफी मागताना त्यांचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. चांदबीने त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, पाठीवर हात फिरवला. म्हणाली, "तुमनी काय चूक, साहेब. तुम्ही ते तिले वाचाडं." मग सर जरा सावरले, आणि माणूस चांगला असला तरी कामवेडा, म्हणून म्हणाले, पुढच्या महिन्यात जिल्ह्याची माणसं बघायला येणार आहेत, आता नियमही नीट आहेत, एकदा येशील का? तुझ्यासारखं कुणाला जमत नाही.

चांदबीने नातीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ती अगदी हळू बोलली, मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

"मन्हा आवाज एकच शे, साहेब. तो मी तुमले शिकाडाले दी टाका. मले लागना तवय कोनले खरा वाटना नई."