पाण्यात ठेवलेली नाव

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल, एप्रिल महिना. सकाळच्या एसटीनं मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, यावल तालुक्यातल्या आमच्या गावाहून निघालो. चोपड्याला गाडी बदलली आणि धुळ्याकडच्या एका तापीकाठच्या गावात उतरलो... नाव विकत घ्यायला. हो, नावच! शिडाची, पाण्यावर चालणारी.

कापूस आणि केळी लावणाऱ्या माणसाला नाव कशाला हवी, असं गावात सगळ्यांनी विचारून झालं होतं. कारण मी होते. शाळा गावात सातवीपर्यंतच, हायस्कूल तापीच्या पलीकडे. पुलावरून जायचं तर दोन एसट्या, आणि त्यांच्या वेळा अशा की पोहोचेपर्यंत अर्धी शाळा झालेली.

जूनपर्यंत नाव आली तर आठवी, नाहीतर शिक्षण संपलं. आई पाण्याला भयंकर घाबरायची. तिनं तर माझ्यासाठी स्थळांची चौकशीसुद्धा सुरू केली होती... तेरा वर्षांची होते मी!

आमचे आबा म्हणजे सर्वज्ञ. बैल, विहीर, जावई, सगळ्यातलं त्यांना कळायचं. नावेतलंही कळणारच होतं.

त्या गावाला नुकताच पूल झाला होता, त्यामुळे उतारूंची ने-आण बंद पडलेली. काठावर एक नाव उपडी घातली होती. ताजं डांबर फासलेली, काळीभोर, उन्हात नुसती चमकत होती. विकणारा म्हणाला, दोन वर्षं पाण्याचा थेंब लागू दिला नाही.

झालं! कोरडी म्हटल्यावर आबा खूश. कापूसवाला माणूस हो... ओला माल म्हणजे खराब माल, हे डोक्यात पक्कं बसलेलं. कापसाच्या ढिगात नुसता हात घालून ओल सांगायचे ते. त्यांनी नावेभोवती दोन चकरा मारल्या, बैलाच्या पाठीवर मारतात तशी थाप मारली आणि म्हणाले, "कोल्डी ठणठणीत हाये. घेऊन टाकू."

जवळच एक म्हातारे नावाडी बसले होते. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांचीही नाव विकायची होती म्हणे. कुठे आहे विचारलं तर त्यांनी नदीकडे बोट दाखवलं. बघते तर काय... पाण्याखाली! नुसती टोकं वर दिसत होती.

आबा खो खो हसले. बुडालेली नाव आमच्या गळ्यात मारता काय, म्हणाले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

नाना चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बुडनी नई शे भाऊ, पानीमा ठेवेल शे." मग डांबरवाल्या नावेकडे बघून म्हणाले, "बैल लेतांना जुपीसन देखतस ना? तशी हाई बी पानीमा घालीसन देखा."

बैलाचं नाव काढल्यावर आबांना नाही म्हणता येईना. विकणारा कुरकुरत होता, पण चार जणांनी ती नाव ढकलून पाण्यात घातली. मिनिटभर छान तरंगली. मग तळाला बारीक बारीक झरे फुटले, इकडून तिकडून, जिथे बघावं तिथे. आत चढलेल्या आबांच्या धोतराचे सोगे भिजले.

विकणारा म्हणाला, लाकूड फुगलं की थांबेल. नानांनी एका फळीवर अंगठा दाबला. डांबरासकट अंगठा आत गेला! वरून रंगरंगोटी, खाली भुसा.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "नाना, मले यातलं काही कयत नाही. तुम्हीच सांगा." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मग नानांनी आपली नाव काढायला घेतली. चौघे कंबरभर पाण्यात उतरले आणि नावेच्या पोटातले धोंडे एकेक करून बाहेर टाकू लागले. मग डब्यांनी पाणी उपसणं... आणि हळूहळू ती वर आली. अगं बाई गं! अंगावर काटा आला माझ्या. शेवाळानं माखलेली, पाणी निथळणारी ती नाव माझ्यासमोर जिवंत होऊन उभी राहिली.

आतून पुसून काढली आणि अर्धा तास आम्ही तळाकडे टक लावून बसलो. आत थेंब नाही. उन्हात ठेवली की फळ्या आक्रसतात, तडकतात, म्हणून काम नसलं की नाव पाण्यातच ठेवायची, असं नानांनी समजावलं.

दुपारी वारा सुटला तसं नानांनी मांजरपाटाचं ठिगळं लावलेलं शीड चढवलं. नदी चाललेली पश्चिमेला आणि आम्ही वल्ह्याला हात न लावता उलटे, पूर्वेकडे! ना इंजिनाचा आवाज, ना काही... मी तोंड उघडं टाकून शिडाकडे बघत राहिले. आबांनी दोन्ही हात जोडले होते. कुणाला, ते मी विचारलं नाही.

नाव गावी आली ती केळीच्या रिकाम्या ट्रकमधून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. नानाही आठवडाभर आमच्याकडे राहिले आणि त्यांनी आबांना शीड, सुकाणू सगळं शिकवलं. सर्वज्ञ माणूस विद्यार्थ्यासारखा मान डोलवत होता.

जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी आई हट्टानं नावेत बसली. डोळे घट्ट मिटलेले, माझं मनगट त्याहून घट्ट धरलेलं. पलीकडे नाव टेकली तेव्हा तिनं डोळे उघडले, आधी आपल्या कोरड्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि हात सोडला.

"जाय बाई," म्हणाली, "शायेले उशीर होईन."

आज माझ्या नावापुढे बी.एड. आहे. आई, आबा, नाना... तिघांचेही आभार मानायचे राहूनच गेले. काय करू, घंटा झाली होती हो, मी पळत सुटले.