होडीतला आग्रह

यात्रेतल्या पाळण्यांवर लिहिण्याचा मला काहीही अधिकार नाही, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहिलेलं बरं आहे की वाईट, हे घरात विचारायला कुणी नाही. पण पाळण्यांचा मात्र माझा अभ्यास आहे. (अभ्यासक्रमापेक्षा जास्त. हे आबांना, म्हणजे वडिलांना, कळवू नये.)

त्या वर्षी धुळ्यात पांझरेकाठच्या यात्रेत नवी होडी आली होती! जुना लाकडी पाळणा माणसं हातांनी फिरवायची आणि भीती वाटायची ती त्याच्या कुरकुरण्याची. ही होडी लोखंडी, इंजिनावर झोके घेणारी, पुढे सिंहाचं तोंड! एका टोकाला वर गेलं की समोरची माणसं आपल्या अंगावर सांडतील असं वाटायचं. पाळण्याचा दर्जा मी पोटातल्या गोळ्यावरून ठरवतो. या होडीचा गोळा थेट घशात यायचा. माझं मत झालं, की असली चीज खानदेशात पूर्वी आलेलीच नाही!

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या अक्काला, माझ्या मोठ्या बहिणीला, बघायला धुळ्यातच, देवपुरात काकांकडे, पाहुणे आले. मुलगा नरडाण्याला कारखान्यात होता. अक्काला तो फार आवडला. (पोहे देताना तिने त्याच्या बशीत दोनदा शेव घातली!) मुलाचे वडील सुकलाल नाना मात्र गंभीर. "घरी जाईसन निरोप धाडतो," एवढंच म्हणाले.

आबा माझ्या कानाशी आले. "एसटीले टाईम शे. नानास्ले यात्रा दखाड. काही कमी पडाले नको!"

"भाऊ, नीट लई जाय बरं," अक्काने हळूच सांगितलं.

मी नानांना सरळ होडीपाशी नेलं.

"हाई काय शे?"

"होडी, नाना! बठ्ठी यात्रामा एक नंबर!"

"पानी कोठे शे मग?"

"पानी नही, नाना. हवामा चालस."

शेवटच्या बाकावर गोळा सर्वांत चांगला येतो, म्हणून ती मानाची जागा मी नानांना दिली आणि खाली इंजिनवाल्याजवळ उभा राहिलो.

होडी वर गेली. नानांनी हात हलवला. "बस! बस! नको!"

आता आमच्याकडची पंगत डोळ्यांपुढे आणा. पाहुणा "नको" म्हणतो, ताटावर हात आडवा धरतो आणि आपण त्याच्या बोटांवरून वाढतो. पहिल्या "नको"ला थांबलात, तर पाहुणा उपाशी गेला म्हणून भाऊबंदांत वर्षभर चर्चा!

"पाहुणे संकोच करताहेत," मी इंजिनवाल्याला म्हणालो. "होऊ द्या अजून!"

"नक्की?"

"होणारे सोयरे आहेत!"

तो आमच्याच भागातला. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

नानांची टोपी उडाली. त्यांनी हात जोडले. (पंगतीत हात जोडले की एक वाढप प्रेमाचं!) होडी आणखी उंच गेली. मग नानांनी डोळे मिटले, आवाज बंद झाला. तृप्त झाले, असं समजून मी होडी थांबवायला सांगितली.

नाना उतरले ते थेट वाळूतच बसले आणि दोन्ही हातांनी वाळू घट्ट धरली. "धर रे माले! जमीन हालस!"

मी टोपी झटकून दिली आणि मनापासून विचारलं, "कशी वाटली, नाना?"

नाना टोपी घट्ट धरून उठले. काकांकडे आले, मुलाला उठवलं आणि चहा न घेता स्टँडकडे निघाले.

"काय खवाडं तू त्यास्ले?" खाण्यातून काही बाधलं असं वाटून आबा ओरडले.

"खवाडं काही नही, आबा. आग्रह कया."

अक्काला सगळं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मनासंगे बोलू नको." आणि खरंच माझ्याशी बोलेना. निरोपही येईना. नरडाण्याची एसटी आली की ती दारात, आणि ती दारात आली की मी मागच्या दाराने बाहेर! यात्रा उठली, होडीचा सिंह ट्रकवर चढून पुढच्या गावाला गेला. त्याला निरोप द्यायलाही मी गेलो नाही.

शेवटी एकदाचे नरडाण्याहून नानांचे पुतणे आले. अक्का दाराआड उभी होती, मी तिच्याही मागे.

"पोरगी पसंत शे," ते म्हणाले. "मानपान काही नको. नानांनी फक्त एक अट सांगेल शे. लगीनमा पंगत वाढाले पोरगीना भाऊले उभं करानं नही!"