उशिराचं कारण

अकोल्यात उत्तमराव वकिलांकडे अब्दुल गफ्फार तीस वर्षं मुन्शी होते. शिक्षण मॅट्रिक नापास. पण कायद्याच्या मासिकांत छापून येणारे वरच्या कोर्टांचे निवाडे त्यांना तोंडपाठ असत. कोणता अजून चालतो, कोणता मोडीत निघाला, हे विचारायला दुसरे वकीलही त्यांच्या टेबलापाशी येत. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. म्हणूनच मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मासिक आलं की नुसती पानं उलटायची, शिक्का मारायचा आणि फळीवर ठेवून द्यायचं.

त्याच वर्षी हिवरखेडच्या पार्बताबाईंची केस उत्तमरावांकडे आली. कपाशीचं बियाणं उगवलंच नाही म्हणून त्यांनी दुकानदाराविरुद्ध ग्राहक मंचात तक्रार केली होती. समोरच्या वकिलानं जुना निवाडा काढला : नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नसेल, तर बियाणं खराब होतं असं म्हणता येत नाही.

"याच्या उलट काही आहे का, गफ्फारभाई?" उत्तमरावांनी विचारलं.

"नाही, साहेब."

पार्बताबाई मंचासमोर म्हणाल्या, "सारं बी पेरलं म्या. तपासाले कुठून आणू?" तक्रार फेटाळली गेली.

पुढच्या आठवड्यात गफ्फारभाईंचा मोतीबिंदू त्यांच्या सुनेच्या, सबीहाच्या, लक्षात आला आणि तिनं हट्टानं ऑपरेशन करवलं. पट्टी निघाल्यावर ते साचलेली मासिकं घेऊन बसले. तिसऱ्याच अंकात तो निवाडा सापडला, पाच महिन्यांपूर्वीचा. पेरणीच्या वेळी शेतकरी थोडं बियाणं तपासणीसाठी राखून ठेवेल अशी अपेक्षा करणं चूक आहे, असं न्यायमूर्तींनी लिहिलं होतं. पार्बताबाईंचंच म्हणणं, फक्त इंग्रजीत.

अपिलाच्या मुदतीचे आठ दिवस उरले होते. आज सांगायचंच, असं ठरवून ते रोज घरून निघत. "नजर कशी आहे आता?" असं उत्तमराव मायेनं विचारत आणि ते 'बरी आहे' म्हणून फायलींकडे वळत. मुदत संपली.

त्यानंतर चार दिवसांनी पार्बताबाई आपले कागद न्यायला आल्या. निघताना म्हणाल्या, "तुमी लय धावपळ केली माह्यासाठी, भाऊ."

गफ्फारभाईंनी त्यांना थांबवलं, आत गेले आणि तो अंक उत्तमरावांपुढे ठेवला.

"केव्हा सापडला?"

"बारा दिवस झाले."

"मग काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली, साहेब."

उशिरा अपील करायचं तर उशिराचं कारण लिहून द्यावं लागतं. "बाई आजारी होत्या असं लिहू," उत्तमराव म्हणाले.

"नका लिहू. झालं तेच लिहा. माहं नाव टाका."

मग बाहेर येऊन त्यांनी पार्बताबाईंना सगळं सांगितलं. "म्हंजे माहं खरं होतं ना?" एवढंच बाईंनी विचारलं.

उशीर माफ झाला. वर्षभरानं अपीलही मंजूर झालं. पण 'मुन्शी अब्दुल गफ्फार यांच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला देता येणार नाही,' हे वाक्य निकालात आलं आणि तो निकाल मासिकात छापून आला. अपिलाला उशीर झालेला जो तो वकील तेच वाक्य दाखवू लागला.

एकदा मोर्शीचा एक तरुण वकील आला. "काका, तो मुन्शीच्या चुकीचा निवाडा द्या ना."

गफ्फारभाईंनी अंक काढून दिला. त्याचं वाचून होईपर्यंत ते कपाटाकडे तोंड करून उभे राहिले.