अण्णांच्या कॅमेऱ्यातलं धुकं

आमच्या ताईच्या लग्नात धुकं पडलं होतं, असं ती अजूनही सगळ्यांना सांगते. लग्न पाचोडला, वैशाखात, भर दुपारी. धुकं पडलं होतं ते फक्त फोटोंत, आणि फोटो मी काढले होते.

एरवी घरातले फोटो अण्णा, म्हणजे आमचे वडील, काढायचे. सरकारी कचेरीत कारकून, पण या बाबतीत हौस दांडगी. मुलीच्या लग्नात कन्यादानाला बसायचं म्हटल्यावर त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. मी तेव्हा कॉलेजात होतो, चष्माही लागला नव्हता. “आत चित्र साफ दिसलं की बटन दाब,” एवढंच शिक्षण. मी भिंगावरची रिंग फिरवत राहिलो, पण साफ असं काही दिसेनाच. जुन्या कॅमेऱ्यात सगळ्यांना असंच दिसत असेल, अशी मी समजूत करून घेतली आणि दाबत सुटलो.

रोल धुऊन आला तेव्हा गर्दीत नवरा-नवरी कोण हे मुंडावळ्यांवरून ओळखावं लागत होतं. अण्णांनी एकेक फोटो पाहिला. “उजेड कमी पडला,” म्हणाले. वैशाखातल्या पाचोडात! मग ते सगळे फोटो त्यांनी अल्बममध्ये व्यवस्थित लावले. चार शब्द रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. आपल्याला काही ही नजर नाही, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं आणि पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही.

अण्णा जाऊनही बरीच वर्षं झाली. आता माझ्या मुलीला रोलच्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय. फोनमध्ये एवढा चांगला कॅमेरा असताना हे कशाला, असं विचारलं की ती माझ्याकडे दयेनं बघते. मागच्या सुट्टीत ती पुण्याहून आली ती स्वतःचा जुना कॅमेरा गळ्यात घालूनच, आणि आल्या आल्या तिनं कपाटातून अण्णांचाही काढला. दोन्ही कॅमेरे तिनं गॅलरीतल्या टेबलावर मांडले. खाली क्रांती चौकाकडं जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न, समोरच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी. त्या टाकीवर रोखून कोणत्या कॅमेऱ्यात जास्त उजळ दिसतं ते ठरवायचं होतं.

कॅमेऱ्याच्या आत दुधी काचेचा एक छोटा पडदा असतो, त्यावर समोरचं चित्र उमटतं. तिच्या कॅमेऱ्याचा पडदा नंतरच्या काळातला, ट्यूबलाइट लावल्यासारखा लख्ख. अण्णांचा साधा, कोपऱ्यांत अंधारलेला.

“बाबा, यात तर धड काहीच दिसत नाही. सगळं धुरकट,” ती म्हणाली. “मी पुण्याला नेऊन याचा पडदाच बदलून आणते.”

म्हणजे चूक माझी नव्हती, पडदाच खराब होता तर! इतक्या वर्षांनी सुटका झाल्याचा आनंद मला झाला, खोटं कशाला बोलू. खात्री करावी म्हणून मी चष्मा काढून डोळा लावला.

टाकी स्वच्छ दिसत होती. अंधुक उजेडात, पण तिच्यावर बसलेल्या कावळ्याच्या चोचीपर्यंत साफ. मग तिचा कॅमेरा घेतला, तर त्यात लख्ख उजेड आणि त्या उजेडात नुसता गोंधळ.

“तुझाच खराब आहे,” मी म्हणालो.

“बाबा, डॉक्टरांना दाखवा.”

“आधी तू दाखव.”

आमची अशी जुंपलेली असताना आतून आई आली. वय ब्याऐंशी, कान मात्र तिखट. “काय झालं गं? त्याचा चष्मा काढला नाय का?”

“कुणाचा?”

“कॅमेऱ्याचा. ह्यांनी छावणीतल्या दुकानात त्याला आपल्या नंबराची काच बसवून घेतली व्हती. चष्मा घालून बघाया लई तरास व्हायचा म्हनं.”

डोळा लावायच्या जागी एक बारीकशी चकती होती. मुलीनं ती नखानं फिरवली, तर खरंच निघाली. ती नसताना मुलीला स्वच्छ दिसलं आणि मला धुकं. तेच धुकं. मी ओळखलं ते.

अण्णांना ती काच काढायची सुचली नाही, कारण त्यांना दिसत होतं. मी दिसत नाही म्हणालो नाही, कारण मला वाटलं, हे असंच असतं. एवढ्याशा चकतीपायी ताईचं लग्न धुक्यात गेलं. हसू आलं, आणि डोळेही भरून आले. आज माझं वय अण्णांचं त्या लग्नात होतं तेवढं आहे. डोळ्यांचा नंबरही बहुधा तोच.

“पडदा नको बदलू,” मी म्हणालो. “ती काच दे इकडं.”

चकती परत बसवली, मुलीनं आत नवा रोल भरला. आई पायरीवर बसून मेथी निवडायला लागली होती. मी रिंग फिरवली. त्या मंद पडद्यावर तिचा चेहरा आधी विरघळलेला होता, मग एका जागी येऊन ठरला. कपाळावरचं गोंदण दिसलं, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा दिसला. अण्णांनी तिला आयुष्यभर याच चौकटीतून पाहिलं होतं. मला त्यांनी ती एकदा गळ्यात घालून दिली, तीही मुलीच्या लग्नात, आणि मी बिघडवलेलं सगळं उजेडावर ढकलून मोकळे झाले. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते. मी बटण दाबलं.

मुलीनं पुण्यात रोल धुऊन घेतला आणि तो फोटो फोनवर पाठवला. मी तसाच ताईला पाठवला. लगेच तिचा फोन आला.

“आईचा एवढा छान फोटो कोणी काढला रे?”

“मी.”

“चल, काहीतरीच.”

“अण्णांच्या कॅमेऱ्यातून.”

आता ती धुक्यावरून काहीतरी बोलणार, म्हणून मी वाट पाहिली. पण ती म्हणाली, “अण्णांनी काढल्यावानी आलाय रे.”

“उजेड चांगला होता,” मी म्हणालो.