गोठ्यात गेलेलं मशीन

माझ्या चुलतभावाचा शर्यतीचा बैल दूध प्यायचा. सकाळी दूध, वर अंडी, खारीक, उन्हाळ्यात अंगावर गार पाणी आणि गोठ्यात पंखा. यात्रांचे दिवस आले की त्याला टेंपोत चढवून चुलतभाऊ आज जुन्नर तालुक्यातल्या शर्यतीच्या घाटात, तर परवा आंबेगावातल्या, असा हिंडायचा. आणि घाटात त्याची पळायची बारी किती वेळ चालायची? तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत संपलेली. भंडारा उधळायचा, टोप्या उडायच्या, संध्याकाळी सगळे आपापल्या घरी. त्याला कुणी विचारलं नाही, की बाबा, याचा उपयोग काय? मीही विचारलं नाही. तो बैल मेला तेव्हा त्याचा दहावा घातला भावकीनं, पंगती उठल्या. मीही जेवलो, पोटभर जेवलो.

मग माझ्या मशीनवरच सगळ्यांना जिभा का फुटल्या?

मी चौथीपर्यंत शिकलो. पण विहिरीला पाणी होतं, कांदा पिकवला, टोमॅटो पिकवला, कुणापुढं हात पसरला नाही. भावंडांची लग्नं केली, मुलांची केली. दारू नाही, पत्ते नाहीत. आयुष्यात स्वतःसाठी म्हणून एक वस्तू आणली, तर तिचा हिशेब अख्ख्या गावाला पाहिजे!

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. टोमॅटोची गाडी घेऊन मी वाशीच्या मार्केटला जायचो. तिथल्या एका व्यापाऱ्यानं मालाच्या हिशेबाची पट्टी घ्यायला घरी बोलावलं. मी दारातच टेकलो. आत सनईची तबकडी लागली होती. सनई काय मला नवी? लग्नात, पालखीत जन्मभर ऐकली. सनईवाल्याच्या मागं एक माणूस बसतो, गाल फुगवून एकच सूर धरून असतो. त्याच्याकडं कुणी बघतसुद्धा नाही. आमच्याकडं कर्ण्यातून सनई लावली की पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाजते, त्यात हा माणूस कुठं ऐकू यायला! त्या घरात तो मला ऐकू आला. उजव्या अंगाला, जरा मागं, हललाच नाही जागचा. त्याच्या सुरावर टेकून पुढचा गडी वर चढत होता. मी पट्टी विसरलो. व्यापारी म्हणाला, "आत या पाटील, कोचावर बसा." मी बसलो तो तबकडी उलटून दुसरी बाजू संपेपर्यंत उठलो नाही.

तीन-चार वर्षांनी तो व्यापारी घर मोडून मुलाकडं परदेशी निघाला, तेव्हा त्यानं सगळं मशीन मला दिलं. फुकट नाही. त्याला मशीनची किंमत ठाऊक होती आणि मला माझी ऐपत. तबकडी फिरवायचं यंत्र, लोखंडासारखा जड ॲम्प्लिफायर, कॅसेटचा डेक आणि कमरेएवढे दोन स्पीकर. रिकाम्या क्रेटच्या मधोमध गोधड्यांत गुंडाळून आणलं. वेशीतच पोरंबाळं ओरडली, "फ्रीज आला, फ्रीज आला!"

घरी कारभारणीनं आरती आणली. नवीन वस्तू आली की तिला हळदकुंकू लावायचं, नारळ वाढवायचा, ही आमच्याकडची रीत. विहिरीवरची मोटार आली तेव्हा केलं होतं, तसंच. तिनं कुंकवाचं ओलं बोट थेट स्पीकरच्या कागदाला लावलं. मी ओरडलो. "हात लावू नगं!" चार माणसांत ओरडलो. ती आरती तशीच घेऊन आत गेली. स्पीकरवर जाळी बसवायच्या आधीच तिनं बोट लावलं, त्यात तिचा काय दोष, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. तो कागद किती नाजूक असतो ते मला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी भावकी ओट्यावर हजर. चुलतभाऊ पुढं.

"आण्णा, लावा की मोठ्यानं."

"मोठ्यानं लावायचं नसतं हे."

"आँ? येवढं पैसं घालून हळू ऐकायचं?"

"व्हय."

"आमच्या मंडपवाल्यानं दोन कर्णं बांधलं, की पार आळेफाट्याच्या हाटेलात ऐकू जातंय. तुमचं तर वट्यावर बी येईना!"

सगळे हसले. मी त्यांना आत नेलं, दोन स्पीकरच्या मधोमध बसवलं, सनई लावली. म्हणालो, "गप ऐका. म्होरं माणूस बसून वाजवतोय असं वाटतंय का न्हाई?" कोणी पंख्याकडं बघितलं, कोणी विडी काढली. एक जण म्हणाला, "वाजवणाराच बोलवायचा व्हता ना आण्णा, सस्तात झालं असतं. जेवला बी असता बिचारा." पुन्हा हसू.

तेव्हापासून हेच. लग्नात भेटला तो विचारायचा, विकास सोसायटीत भेटला तो विचारायचा. मी तेच सांगायचो, म्होरं माणूस बसल्यागत वाटतं. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. दुसरं कसं सांगायचं? मला काय भाषण करता येतं? हळदीला मशीन मागायला आले, गणपतीला आले. नाही म्हटलं की तोंडं वाकडी. भावकीत एकाच्या घरी मोठी पातेली असली की सगळ्यांनी न्यायची, ताडपत्री असली की न्यायची, अशी आमची चाल. माझी पातेली नेली, ताडपत्री नेली, मी कधी अडवलं नाही. पण मशीन म्हणजे पातेलं नव्हे, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

ऐकायलासुद्धा मला कुठं सुख होतं! लाइट आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. दिवा मिणमिणायचा, मशीनमधून घूं असा आवाज निघायचा. स्टॅबिलायझर आणला, त्यावरून पुन्हा बोलणी खाल्ली. शिवार भिजून मोटारी बंद झाल्या आणि लाइट टिकली, तरच माझी तबकडी. तेवढाच माझा वेळ. त्यातही सून भांडी आपटायची.

मग बिबट्या आला. धरणाच्या पाण्यानं ऊस वाढला, आणि उसात बिबट्या राहायला आला. दोन हजार सालाच्या पुढं तर लई झाले. कुत्री जाऊ लागली, शेळ्या जाऊ लागल्या. माणसाचा आवाज असला की तो जवळ येत नाही, असं सगळे म्हणायचे. मग ज्यानं त्यानं गोठ्यात रेडिओ टांगला, मळ्यात टेप लावला. आमचा गोठा वर पाचट आणि तिन्ही बाजूंनी उघडा, जसा माझ्या बापानं बांधला तसा. एका पहाटे कारभारीण धार काढायला गेली, तर कालवडीचं दावं नुसतं लोंबत होतं आणि शेणात रक्त.

मुलगा त्याच दिवशी म्हणाला, "दादा, गोठ्यात तुमचं मशीन लावू."

"रेडिओ लाव की."

"रेडिओला कोन भितंय आता? त्याला बी सवय झालीय. तुमीच म्हणता ना, म्होरं माणूस बसल्यागत वाटतं? मंग बिबट्याला बी वाटंल."

दहा वर्षं जे मी पटवत आलो, त्यातलं एकच वाक्य यांच्या कानात शिरलं, आणि ते कशासाठी, तर हे असं!

"न्हाई मिळायचं," मी म्हणालो.

संध्याकाळी चुलतभाऊ आला. "आण्णा, जनावर मोठं का पेटी मोठी? उद्या माणूस न्हेलं म्हंजी?" माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन. मी त्यालाही नाही म्हणालो आणि मशीनच्या खोलीला कुलूप लावलं. चावी देव्हाऱ्यात ठेवली, नेहमी ठेवायचो तिथंच.

आठवड्यानं लेकीकडं घोडेगावला जायचं होतं. एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी परतलो. फाट्यावर उतरून बैलगाडीच्या वाटेनं चालू लागलो, तर मळ्याकडून सिनेमाचं गाणं. आवाज ओळखीचा, म्हणजे गाणं नव्हे, आवाज. माझ्या स्पीकरचा. पण फाटलेला. प्रत्येक ठोक्याला फरफर, फरफर. मी पळालो. त्या वयात पळालो, धोतर सावरत.

गोठ्यात स्पीकर गव्हाणीवर मांडलेले. एक उभा होता. दुसरा म्हशीनं शिंग घालून पाडलेला, तोंडावर शेणात पडलेला, आणि तसाच ओरडत होता. ॲम्प्लिफायर खताच्या पोत्यावर, त्यावर पेंडीची धूळ. डेकमध्ये मुलाची कॅसेट. मी वायर उपटली. एकदम शांत झालं, आणि म्हशीनं मान हलवली. रात्रभराच्या त्या गोंगाटानं तिनं सकाळी पान्हा चोरला होता, तांब्याभरसुद्धा दूध दिलं नव्हतं.

बांधावर चुलतभाऊ उभा. तोंडभर हसून म्हणाला, "आण्णा, आज पयल्यांदा वसूल झालं बगा तुमचं मशीन!"

मी त्याला काय बोललो ते कागदावर लिहिता येत नाही. तो गेला. मग मी मुलाकडं वळलो, हात उगारला, पोरंबाळं झालेल्या मुलावर. तेव्हा कारभारीण मधे आली.

"त्याला नगा बोलू. चावी म्या दिली."

"तू?"

"व्हय, म्या. अंधारात धारंला कोन जातंय? तुमी जाता? मांडीत चरवी धरून बसते, पाठ उसाकडं. मागं कायतरी हाय असं सारखं वाटतंय. मान वळवायची भ्या वाटतंय मला. तुमाला त्या कागदाचं भ्या. माज्या पाठीचं न्हाई."

"मंग मला सांगायचं व्हतं!"

"पोराच्या तोंडून सांगितलं व्हतं. तुमी म्हणला, रेडिओ लाव."

एवढं बोलून ती चरवी घेऊन घराकडं गेली. तिचं बोलणं खोटं नव्हतं. पण म्हणून माझा राग उतरला असं कुणाला वाटत असेल, तर तो उतरला नाही. तो आणखी वाढला, फक्त कुणावर काढायचा ते कळेना. मी ओल्या फडक्यानं स्पीकर पुसत बसलो. कागद चिरला होता, पार मधल्या टोपीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याला गेलो. विटा सांगितल्या, लोखंडी अँगल, जाड जाळी, वर पत्रा. वेल्डिंगवाल्याला गोठ्यावरच आणला. चारी बाजू बंद केल्या, दाराला आतून-बाहेरून कडी. जाळीला हात घालून स्वतः लोंबकळून बघितलं. कांद्याच्या पैशातून तबकडीच्या यंत्राची नवी सुई आणायची होती, ती राहिली. मुलगा विटा देत होता. मधेच म्हणाला, "दादा, हे आधी केलं असतं, तर कालवड ऱ्हायली असती."

"मंग तवा तू का न्हाई बोललास?" मी विचारलं. तो पुढची वीट उचलायला वाकला.

माझा राग आहे तो या गोष्टीवर. मी बोललो नाही, तो बोलला नाही, माझ्या ओट्यावर येऊन चहा पिणारी भावकी बोलली नाही. बिबट्या येतो तर भिंत घालावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कारण घरात एक वस्तू रिकामी दिसत होती. पिकवत नाही, ओढत नाही, दूध देत नाही. ती उचलून आणणं सगळ्यांना सोपं वाटलं. बैलाचा पंखा काढून आणा, असं कोणी म्हणालं असतं का?

आळेफाट्याचा रेडिओवाला म्हणाला, मंडपाच्या स्पीकरचा कागद बसवून देतो, कळणारसुद्धा नाही. मी म्हणालो, मला कळेल. स्पीकर मुंबईला पाठवला, तो लई दिवस तिकडंच पडून होता. तोवर एकाच स्पीकरवर ऐकलं. सूर धरणारा आणि वाजवणारा एकाच जागी, एकमेकांच्या अंगावर बसल्यासारखे. तरी ऐकलं.

कारभारीण पहाटे नव्या गोठ्यात जायची, आतून कडी घालायची आणि धार काढायची. छान झालं असं ती म्हणाली नाही. मीही तिला ऐकायला ये असं म्हणालो नाही. भिंत माझ्या मशीनच्या बदल्यात घातलेली नव्हती, हे तिला कळावं एवढंच मला वाटायचं. कळलं की नाही, विचारलं नाही.

स्पीकर परत आला त्याच आठवड्यात चुलतभाऊ पुन्हा ओट्यावर. मधे आमचं बोलणं बंद होतं, पण यात्रा जवळ आली की त्याला काही लाज राहत नाही.

"आण्णा, आता गोठा बी बांदून झाला. मशीन मोकळंच हाय. आखाड्यावर पैलवानांची नावं पुकाराया द्या की."

"न्हाई."

"आवो, एक दिसाचा तर प्रश्न."

"न्हाई म्हणलं ना."

"आखाड्याला न्हाई, हळदीला न्हाई, गोठ्याला न्हाई." त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. "मंग उपेग तरी काय हाय त्याचा? सांगा, आज सांगाच!"

आतून कारभारीण दारापर्यंत आली होती, हातात चहाचा कप घेऊन. तीही थांबली. मुलगा शेजारी कांद्याच्या पिशव्या शिवत होता, त्याचा दाभण थांबला. सनई, माणूस, समोर बसलेला, सगळं माझ्या जिभेवर आलं. मी ते गिळलं.

"कायबी न्हाई," मी म्हणालो. "कायबी उपेग न्हाई. माझं हाय."

चुलतभाऊ भांडायची तयारी करून आला होता, आणि भांडायला त्याच्या हाती काही लागेना. कारभारणीनं चहा त्याच्यापुढं आपटल्यासारखा ठेवला आणि ती म्हणाली, "प्या, आन् निगा आता. त्यांची ऐकायची येळ झाली."